नसब ही कुणाची अमानत?

जवळा बाजारच्या उर्दू शाळेत आम्ही शिकवतो. आमच्या हाताखालून गेलेली एक मुलगी कायद्याकडे वळली, एल.एल.एम. झाली आणि नेट परीक्षेतून फेलोशिप मिळवून आता पीएच.डी. करते आहे. ईदला ती घरी भेटायला आली तेव्हा आम्ही कौतुकाने विषय विचारला. ती म्हणाली, "सर, दात्याच्या बीजापासून जन्मलेली मुलं आणि कौटुंबिक कायदा." शेजारी बसलेले एक बुजुर्ग चमकले. "क्या सर, ऐसे काम को बी सरकार पैसा देती क्या?" मुलगी गप्प झाली. खरे सांगायचे तर आम्हीही गप्प राहिलो. त्या गप्प राहण्याची बोचणी मनात राहिली, म्हणून हा लेख.

बुजुर्गांचे म्हणणे निराधार नव्हते. टेस्ट ट्यूबचा उपाय नवरा-बायकोच्याच बीजापासून असेल तर जायज, तिसऱ्याचे बीज मात्र नाजायज, असा फतवा अल-अझहरने 1980 मध्येच दिला. बहुसंख्य सुन्नी उलेमा आजही तेच मानतात. इराणमध्ये काही शिया उलेमांनी मोकळीक दिली आणि 2003 मध्ये तेथे भ्रूणदानाचा कायदाही झाला. आम्ही मुफ्ती नाही, मास्तर आहोत. हलाल-हरामचा निवाडा जाणकारांनी करावा. आमचा प्रश्न त्याच्या पुढचा आहे. कृत्य नाजायज ठरले, पण जन्माला आलेल्या मुलाचे काय? त्याने तर कोणत्याच कागदावर सही केली नव्हती.

आपल्या देशात यासंबंधीचा कायदा 2021 मध्ये झाला आणि जानेवारी 2022 पासून लागू झाला. असे मूल उपचार घेणाऱ्या जोडप्याचेच मानले जाते, दात्याचा पालक म्हणून कोणताही हक्क राहत नाही. एका दात्याचे बीज एकाहून अधिक जोडप्यांना देता येत नाही. त्याआधी नुसती मार्गदर्शक तत्त्वे होती. ऑगस्ट 2024 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने एका प्रकरणात त्याच 2005 च्या तत्त्वांचा आधार घेतला. एका स्त्रीला तिच्या धाकट्या बहिणीने स्त्रीबीज दिले होते आणि सरोगसीतून जुळ्या मुली झाल्या होत्या. पुढे नवरा-बायकोचे बिनसले. नवरा मुलींना घेऊन वेगळा राहू लागला आणि मुलींची खरी आई मेहुणीच, असे म्हणू लागला. न्यायमूर्ती मिलिंद जाधव यांनी हे मानले नाही. बीज दिल्याने बहीण आई ठरत नाही, असे सांगून त्यांनी पत्नीला मुलींना भेटण्याची मुभा दिली.

आईला न्याय मिळाला. पण उद्या त्या मुली मोठ्या होऊन स्वतःविषयी विचारतील, तेव्हा? स्वीडनने 1985 मध्येच अशा मुलांना दात्याची ओळख जाणण्याचा हक्क दिला. ब्रिटनमध्ये एप्रिल 2005 नंतरच्या दात्यांचे नाव मुलाला अठराव्या वर्षी मागता येते. आपल्या कायद्यात नोंद ठेवण्याची सक्ती आहे, पण मुलाला ती मागण्याचा हक्क नाही.

आणि येथेच आपल्या दीनने फार पूर्वी काही शिकवले आहे. हुजूरांनी हजरत जैद यांना मुलासारखे वाढवले, लोक त्यांना हुजूरांचेच पुत्र म्हणत. तरी सूरह अहजाबमध्ये हुकूम आला की अशांना त्यांच्या खऱ्या बापाच्या नावाने हाक मारा, आणि बाप माहीत नसेल तर ते तुमचे दीनी भाऊ आहेत. वाचकहो, या हुकमाच्या दोन्ही बाजू पाहा. प्रेम कितीही असो, नसब पुसू नका. आणि नसब ठाऊक नाही म्हणून कुणाला बिरादरीबाहेरही टाकू नका. आपण पहिली बाजू मोठ्याने सांगतो, दुसरी विसरतो.

लपवल्याने मुलाला टोमणे बसत नाहीत, असे म्हणतात. यात तथ्य आहे. पण टोमणे मारते कोण? आपणच ना? मूल होत नाही म्हणून बायकोला बांझ म्हणायचे, नवऱ्याची तपासणीसुद्धा करायची नाही, दुसऱ्या निकाहाची धमकी द्यायची. मग ती बिचारी शहरातल्या दवाखान्यात गुपचूप काय करून आली, हे विचारायचा आपल्याला कोणता हक्क उरतो? गुपित सांभाळतो ते मुलासाठी, असे आपण म्हणतो. बहुतेक वेळा ते आपल्या अब्रूसाठी असते.

आमच्या मते नसब ही मुलाची अमानत आहे. आई-बाप, डॉक्टर आणि सरकार तिचे राखणदार आहेत, मालक नाहीत. मागेल त्या दिवशी ती त्याच्या हाती द्यावी लागेल. ती कशी द्यायची, वारसाहक्कात त्याला काय मिळेल, निकाहाच्या वेळी नाती कशी तपासायची, याची उत्तरे कुणीतरी अभ्यासून काढली पाहिजेत. कायदा आणि शरीयत दोन्ही जाणणारी आपलीच एखादी मुलगी ते करीत असेल तर अधिकच बरे.

बुजुर्गांना आम्ही त्या दिवशी उत्तर दिले नाही. पुढच्या ईदला ते आणि ती मुलगी, दोघांनाही आम्ही घरी बोलावणार आहोत. शीरखुर्मा होईल, आणि या वेळी आम्ही गप्प बसणार नाही.