न खाणारा पक्षी

अन्नाकडं टक लावून बघू नये, हे आमच्या घरात लहानपणीच शिकवतात. नैवेद्याचं ताट देवापुढं ठेवलं की पाणी फिरवायचं, पडदा ओढायचा आणि बाजूला व्हायचं. त्याआधी वाससुद्धा घ्यायचा नाही. आणि मी तर बिदरच्या नौबादमधल्या घरात उत्तरेच्या खिडकीपाशी सीताफळ नाहीतर पुरणपोळी मांडून तासन् तास तिच्याकडं बघत बसते आणि ६ बाय ८ इंचांच्या बोर्डावर तैलरंगांत ती उतरवते. सासूबाई होत्या तेव्हा स्वयंपाकघराच्या दारातून म्हणायच्या, "अगं, नजर लागंल की अन्नाला." त्यांच्या बोलण्यात राग नसे, काळजी असे. ती काळजी मला कधी झटकून टाकता आली नाही. जे खाण्यासाठी आहे ते न खाता इतका वेळ न्याहाळणं ही निव्वळ हाव, की पूजेच्या जवळचं काही?

मुंडक उपनिषदात एकाच झाडावर बसलेले दोन पक्षी आहेत. एक त्या झाडाचं गोड फळ खातो, दुसरा न खाता नुसता पाहतो. खाणारा तो जीव आणि पाहणारा तो ईश्वर, असा अर्थ परंपरेनं लावला. कीर्तनातून, प्रवचनातून ऐकताना तो दुसरा पक्षी नेहमी विरक्त वाटतो, फळाशी काही देणंघेणं नसलेला. मला ते पटत नाही. तो डोळे मिटून बसलेला नाही, फळाकडं पाठ फिरवूनही बसलेला नाही. तो पाहतो आहे, आणि उपनिषदानं त्याला दुसरं कामच दिलेलं नाही.

पाहणं म्हणजे काय, ते ब्रश हातात धरला की कळतं. पिकलेल्या सीताफळाच्या डोळ्यांमधल्या खाचा उलतात तिथं फिकट गुलाबी-पिवळा रंग असतो. खाताना तो कधी कुणाला दिसत नाही. फोडलेल्या फळाचा गर पांढरा, असं आपण म्हणतो. पण रंगवायला घेतला तर सावलीत तो हिरवट राखाडी आहे, उजेडाकडं साईसारखा पिवळसर आहे. नळीतला शुभ्र पांढरा जसाच्या तसा लागतो तो फक्त काळ्याभोर बीवर चमकणाऱ्या ठिपक्याला. पुरणपोळीवरचं तूप तर आधी रंगवावं लागतं, कारण पोळी ते बघता बघता पिऊन टाकते. इतकं सगळं ताटात रोज असतं. माझा अनुभव असा, की या पाहण्यात तोंडाला सुटलेलं पाणी हळूहळू निवतं आणि वस्तूबद्दलचा आदर वाढत जातो. हाव असती तर उलट झालं असतं.

स्पेनमधल्या टोलेडोत हुआन सांचेझ कोटान नावाचा चित्रकार होता. १६०२च्या सुमारास त्यानं एका दगडी खिडकीच्या चौकटीत दोरीनं टांगलेलं बिही आणि कोबीचा गड्डा, खाली कापलेलं खरबूज आणि काकडी रंगवली. मागं गडद काळोख. १६०३ मध्ये तो कार्थुसियन मठात दाखल झाला आणि पुढं धार्मिक प्रसंगांची चित्रं काढत राहिला. माझ्या मते त्याचं सगळ्यात धार्मिक चित्र त्या खरबुजाचंच आहे. त्याच शतकात हॉलंडमधल्या कित्येक चित्रकारांनी फळांशेजारी कवटी आणि विझलेली मेणबत्ती ठेवून सगळं नश्वर असल्याचा उपदेश केला. तो उपदेश मला फळावर अन्याय करणारा वाटतो. फळ नासलं याचा अर्थ इतकाच, की ते वेळेत कुणाच्या पोटात गेलं नाही.

आणि इथंच माझी खरी अडचण सुरू होते. बसवकल्याण आमच्याच बिदर जिल्ह्यातलं. बाराव्या शतकात तिथं बसवण्णांनी जे सांगितलं ते या मातीत राहणाऱ्याला टाळता येत नाही. त्यांच्या एका प्रसिद्ध वचनाचा रोख असा आहे, की जेवू शकणाऱ्याला आपण दारातून घालवतो आणि जेवू न शकणाऱ्या मूर्तीपुढं पक्वान्नं मांडतो. माझं चित्र याच्याही पुढं गेलेलं. मूर्तीपुढची पोळी निदान नंतर कुणी खातं. रंगातली पोळी देव खात नाही, माणूसही खात नाही. बसवण्णांनी ते बघून काय म्हटलं असतं, याचा विचार मी फार केला आहे.

उत्तराकडं मला नेलं ते दामाजीपंतांच्या कथेनं. मराठी माणसाला बिदर ठाऊक असतं ते बहुतेक या कथेमुळंच. मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांनी दुष्काळात बादशहाची कोठारं लोकांसाठी उघडली, आणि विठ्ठल विठू महार होऊन बिदरच्या दरबारात त्या धान्याचे दाम भरून गेला. या कथेत विठ्ठल नैवेद्य खात नाही. लोकांनी खाल्लेल्या धान्याची किंमत चुकती करतो. म्हणजे देवाची बाजू कुठली, याचा निकाल या गावातच लागलेला आहे. अन्न आधी भुकेल्याचं.

पण म्हणून पाहणं वाया जात नाही. देवापुढचा पडदा थोडाच वेळ ओढलेला असतो. तो सरकला की ताट प्रसादाचं होतं आणि वाटावंच लागतं. चित्र म्हणजे माझ्या लेखी पडद्याआडचा तेवढा वेळ. तो लांबवण्याचा अधिकार मला नाही. म्हणून मी चित्र लहान काढते आणि एका बैठकीत संपवते. अन्न दूर, वेगळ्या टेबलावर मांडते, कारण काही रंगांत कॅडमियमसारखी विषारी द्रव्यं असतात. टर्पेंटाइन घरात आणत नाही, ब्रश तेलातच धुते. बैठक संपली की फळ शेजारच्या मुलांना, पोळी घरच्यांना. चित्र ओलं असतानाच ताट रिकामं झालेलं असतं.

ते तेल जवसाचं. आमच्याकडं भाकरीबरोबर ज्याची चटणी खातात तेच जवस. आणि पांढरा पिवळा पडू नये म्हणून काही रंगांत करडईचं तेल घालतात, तेही इकडच्याच रानातलं पीक. जवसाचं तेल पाण्यासारखं उडून जात नाही, हवेतला ऑक्सिजन घेऊन घट्ट होतं. फोडलेला पेरू काळवंडतो तोही त्याच ऑक्सिजननं. एकच हवा ताटातलं बिघडवते आणि बोर्डावरचं पक्कं करते. पेरूला काही तास मिळतात, रंगाला कित्येक महिने. या हवेत मला कवटी आणि मेणबत्ती दिसत नाही. मला घाई दिसते: वेळेत बघा, वेळेत वाटा.

येळवसेला, म्हणजे वेळा अमावास्येच्या सणाला, आमच्याकडं शेतात कडब्याची कोप करून पाच पांडव मांडतात, भज्जी, आंबील, उंडे, गव्हाची खीर त्यांच्यापुढं ठेवतात, रानात आंबील शिंपडतात आणि मग वाटेनं जाणाऱ्यालाही हाक मारून पंगतीला बसवतात. दोन्ही पक्षी एकाच फांदीवर बसतात ते मला तिथं दिसलं. पाहणाऱ्यानं खाणाऱ्याला कमी लेखायचं कारण नाही.

चित्रकला शिकवणाऱ्या माझ्या सर्व शिक्षक बंधुभगिनींना म्हणून एक विनंती आहे. वस्तुचित्राच्या तासाला धूळ बसलेली मेणाची, प्लास्टिकची फळं कपाटातून काढू नका. बाजारातून चार खरे पेरू, एक सीताफळ, जमलं तर गुळाचा खडा आणा. मुलांना ते नीट बघू द्या, काढू द्या. आणि तास संपायच्या आधी ते कापून वर्गात सगळ्यांना वाटा.