हँडलच्या थरथरीचे कारण

लांबच्या प्रवासाला नेलेल्या मोटारसायकलचे हँडल ठरावीक वेगाला डावी-उजवीकडे थरथरू लागले की ‘गाडी वोबल करते’ असे मेकॅनिक म्हणतात. प्रत्यक्षात यात दोन वेगळे प्रकार असतात. पहिल्यात पुढचे चाक आणि हँडल सेकंदाला साधारण ४ ते १० वेळा हलते. हा प्रकार बहुधा मध्यम वेगाला, विशेषतः वेग उतरत असताना दिसतो. दुसऱ्यात सबंध गाडी मागून डुलते. हे झोके संथ, सेकंदाला दोन-तीन असतात आणि वेग वाढेल तसे बळावतात. दोन्ही कंप दुचाकीच्या रचनेतच असतात. टायर, बेअरिंग, शॉकअप आणि चौकट सुस्थितीत असतील तर ते जागच्या जागी विरतात. म्हणून खरा प्रश्न असा की, एरवी विरणारा कंप या वेळी का विरला नाही?

मुंबई-अहमदाबाद राष्ट्रीय महामार्ग ४८ चा डहाणू आणि तलासरी तालुक्यांतला पट्टा हा प्रश्न चटकन उभा करतो. चारोटीवरून अच्छाडच्या सीमेकडे किंवा तलासरीहून उधव्यामार्गे सिल्वासाकडे निघालेल्या दुचाकीवर सामान असते, बहुतेकदा मागे दुसरा माणूस असतो. शेजारून कंटेनर गेला की हवेचा धक्का बसतो. जुना डांबरी पृष्ठभाग आणि नवे काँक्रीट यांच्या सांध्यावर चाक दचकते. एवढ्या गोष्टी एकाच वेळी हजर असताना त्यांतल्या कशाला कारण म्हणायचे, हे आधी ठरवावे लागते. न्याय या भारतीय तर्कदर्शनाने याच प्रश्नाचा सूक्ष्म विचार केला आहे.

सतराव्या शतकातल्या अन्नंभट्टाचा ‘तर्कसंग्रह’ हा या दर्शनाचा प्रवेशग्रंथ. यशवंत वासुदेव आठल्ये आणि महादेव राजाराम बोडस यांच्या परिश्रमातून त्याची आवृत्ती १८९७ मध्ये मुंबई संस्कृत मालेत निघाली आणि पुढे पिढ्यान्‌पिढ्या अभ्यासली गेली. न्यायमतानुसार कार्याच्या आधी नियमाने असणारे आणि त्या कार्याला खरोखर आवश्यक असणारे तेच कारण. नुसते आधी असणे पुरत नाही. कुंभाराचे माती वाहणारे गाढव घडा होण्याआधी तिथे असते, पण माती दुसऱ्या कशातून आणली तरी घडा होतोच. अशा गोष्टीला ‘अन्यथासिद्ध’ म्हणतात. चारोटीला पेट्रोल भरले आणि पुढे गाडी हलू लागली, एवढ्यावरून पेट्रोलला दोष देणे ही तीच चूक आहे. त्याच थांब्यावर सामान सोडून पुन्हा मागच्या बॉक्सवर बांधले असेल, तर शोध तिकडे वळला पाहिजे.

दुसरी चूक अनुमानाची. जिथे धूर तिथे अग्नी, म्हणून डोंगरावरच्या धुरावरून अग्नीचे अनुमान बरोबर ठरते. उलट दिशेने ते चालत नाही, कारण तापून लाल झालेल्या लोखंडात अग्नी असतो पण धूर नसतो. कोनसेट, म्हणजे हँडलच्या मानेतले बेअरिंग, सैल झाला की हँडल थरथरू शकते, हे खरे. पण हँडल थरथरते म्हणून कोनसेटच सैल, हे अनुमान टिकत नाही, कारण तीच थरथर झिजलेल्या टायरने किंवा चाकाच्या बिघडलेल्या बॅलन्सनेही येते. जे सिद्ध करायचे ते नसतानाही सापडणारा असा हेतू, म्हणजे अनुमानाचा आधार, ‘सव्यभिचार’ ठरतो. गॅरेजमध्ये पोहोचताच कोनसेट आवळून गाडी परत देण्यामागे हाच हेत्वाभास, म्हणजे सदोष हेतू, असतो. शिवाय जास्त आवळलेल्या कोनसेटने गाडी मंद वेगाला सरळ चालेनाशी होते. म्हणजे एका दोषावर दुसरा चढतो.

म्हणून तपासणी क्रमाने व्हावी. गाडी थंड असताना दोन्ही टायरमधली हवा मोजावी, कारण कमी हवेने दोन्ही प्रकारचे कंप वाढतात. टायरच्या पृष्ठभागावरून तळहात फिरवला की कुठे खोलगट, कुठे उंच अशी असमान झीज डोळ्यांआधी हाताला कळते. मग गाडी मधल्या स्टँडवर घेऊन पुढचे चाक अधांतरी करावे आणि फोर्कचे खालचे टोक धरून पुढेमागे हलवावे. ठक्‌ असा धक्का लागला तर कोनसेट सैल आहे. हँडल सावकाश या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवताना बरोबर मध्यावर अडकले, तर आतल्या रेसला खड्डे पडले आहेत. ती बदलावीच लागते. चाक वर-खाली धरून हलवले असता खेळ जाणवला तर बेअरिंग पाहावे. चाक फिरवून रिम आउट आहे का ते पाहावे आणि स्पोक वाजवून पाहावेत. सैल स्पोकचा आवाज बद्द येतो. मागे स्विंगआर्मचे बुश आणि चेनच्या दोन्ही बाजूंच्या खुणा जुळतात का, हे तपासावे.

यानंतर अन्वय आणि व्यतिरेक. कारण असता कार्य असते, कारण नसता कार्य नसते, ही दुहेरी कसोटी लावायची तर एका वेळी एकच गोष्ट बदलली पाहिजे, आणि तोच रस्ता, तोच वेग, तेच वजन ठेवून गाडी पुन्हा पाहिली पाहिजे. हवा, टायर आणि कोनसेट एकाच दिवशी बदलले तर थरथर थांबेलही, पण कारण कळणार नाही.

या कसोटीलाही मर्यादा आहे. मागचा बॉक्स काढल्यावर डोलणे थांबले, म्हणून बॉक्सच सगळे कारण ठरत नाही. न्यायमताने कार्य ‘सामग्री’तून, म्हणजे सर्व कारणे एकत्र आल्यावर घडते. झिजलेला टायर एकट्याने कंप उठवत नसेल, बॉक्सही नसेल. दोघे मिळून उठवतात. मग दुरुस्ती कशाची? बॉक्समधले वजन उत्पादकाने दिलेल्या मर्यादेत असेल, तर तो सामग्रीचा भाग आहे, दोष नव्हे. जो भाग आपल्या विहित स्थितीपासून ढळला, तो टायर हा दोष. कारण शोधणे आणि दोष ठरवणे ही दोन कामे आहेत.

याच महामार्गालगत विवळवेढ्याची महालक्ष्मी आहे. चैत्र पौर्णिमेपासून तिची मोठी यात्रा भरते, आणि एरवीही अनेक वाहनचालक तिला हात जोडून पुढे जातात. वाहनावर आलेले संकट तिच्या कोपाचे की नशिबाचे, हा प्रश्न श्रद्धावंताच्या मनात येतो. उदयनाचार्यांनी ‘न्यायकुसुमांजली’त ईश्वराचे अस्तित्व तर्काने मांडले, तेव्हा हे दर्शन श्रद्धेला परके नाही. परंतु ते ईश्वर, काल, दिशा आणि अदृष्ट (ज्याला आपण नशीब म्हणतो) यांना सर्व कार्यांची ‘साधारण’ कारणे मानते. जी गाडी थरथरली आणि जी थरथरली नाही, त्या दोहोंना ती समान आहेत. म्हणून दोहोंतला फरक त्यांच्याने उलगडत नाही. त्यासाठी असाधारण कारणच शोधावे लागते. देवीला नमस्कार करणे आणि टायरमधली हवा मोजणे यांत विरोध नाही. हवा न मोजता अदृष्टाकडे बोट दाखवणे मात्र ईश्वर मानणाऱ्या या शास्त्रालाही मान्य होणार नाही.

चालकही सामग्रीत येतो. घट्ट आवळलेली मूठ कंपात भर घालू शकते. चालत्या गाडीत थरथर सुरू झाली तर मूठ थोडी सैल करावी, शरीर पुढे झुकवावे, अ‍ॅक्सिलरेटर हळूहळू कमी करावा आणि ब्रेक एकदम दाबू नये. गाडी थांबल्यावर तपासणी टाळणे ही निवड चालकाची असते आणि तिचे फळ मागे बसलेल्या माणसालाही भोगावे लागते. त्यामुळे कारणाचा नेटका शोध घेणे हे इथे धर्माचरणच आहे.