धडकेचे नीतिशास्त्र

आइस हॉकीत प्रतिस्पर्ध्याला अंगाने धडक देण्यास नियमांचीच मान्यता आहे. या धडकेला बॉडी चेकिंग म्हणतात. पक, म्हणजे खेळातली चकती, ज्याच्या ताब्यात आहे त्याला खांद्याने, कमरेने किंवा धडाने अडवून पकापासून वेगळे करणे, एवढाच तिचा उद्देश असतो. हीच धडक रस्त्यावर दिली तर ती मारहाण ठरेल. रिंकवर मात्र ते कौशल्य मानले जाते. कृती तीच, मग तिचे नैतिक मोल कशाने बदलते?

पहिले उत्तर संमतीचे आहे. स्वेच्छेने धोका पत्करणाऱ्यावर अन्याय होत नाही, हे तत्त्व रोमन कायद्यापासून चालत आले आहे. पण संमतीला सीमा असते. 2004 मध्ये व्हँकुव्हर संघाच्या टॉड बर्टुझीने कोलोराडो संघाच्या स्टीव्ह मूरला मागून ठोसा मारून बर्फावर पाडले. मूरच्या मानेचे मणके मोडले, आणि बर्टुझीने न्यायालयात गुन्हा कबूल केला. खेळाडू खेळातल्या धडकांना संमती देतो, सूडाला नाही. मुलांबाबत तर संमतीचा आधार आणखी दुबळा असतो, कारण धोक्याचे गांभीर्य त्यांना पुरते उमगलेले नसते. 11-12 वर्षांच्या मुलांना चेकिंगची मुभा असलेल्या कॅनडाच्या अल्बर्टा प्रांतात मेंदूला आघात होण्याचा धोका क्वेबेकच्या तिपटीहून अधिक असल्याचे 2010 च्या एका अभ्यासात आढळले. क्वेबेकमध्ये त्या वयात चेकिंगला बंदी होती. अमेरिकेच्या हॉकी संघटनेने 2011 मध्ये आणि कॅनडाच्या संघटनेने 2013 मध्ये या वयोगटातले चेकिंग बंद केले.

दुसरे उत्तर हेतूचे आहे, आणि नियमांची रचना त्याभोवती उभी आहे. पक नसलेल्याला अडवणे म्हणजे इंटरफिअरन्स, दुरून वेगाने येऊन किंवा उडी घेऊन आदळणे म्हणजे चार्जिंग, बेसावध खेळाडूला कडेच्या बोर्डवर आदळवणे म्हणजे बोर्डिंग. हे सारे दंडनीय आहे. गुडघे वाकवावेत, स्टिक खाली ठेवावी, कोपर अंगाशी घ्यावे, आणि समोरच्याची वाट तिरकी कापून त्याला कडेकडे न्यावे, असे प्रशिक्षक शिकवतात. चांगल्या तंत्रात संयम आधीच सामावलेला असतो.

तरीही हेतूची कसोटी अपुरी पडते. 26 मे 2000 रोजी न्यू जर्सी संघाच्या स्कॉट स्टीव्हन्सचा खांदा मान खाली घालून येणाऱ्या एरिक लिंड्रोसच्या डोक्यावर आदळला. लिंड्रोस जबर जखमी झाला, पण त्या वेळच्या नियमांनुसार कोणताही दंड झाला नाही. डोक्यावरच्या धडकांविरुद्ध एनएचएल या व्यावसायिक हॉकी लीगने 2010 मध्ये स्वतंत्र नियम केला. पुढे त्यात डोक्याला झालेला स्पर्श टाळता आला असता का, हाच मुख्य प्रश्न झाला. जैन आचार्य उमास्वातींनी हिंसेच्या व्याख्येत प्रमादाला, म्हणजे बेसावधपणाला, मध्यवर्ती स्थान दिले होते. आधुनिक नियम त्याच विचाराच्या जवळ जातो: द्वेष नसला तरी बेफिकिरी दोषी असते.

म्हणून संमती आणि हेतू या दोन्ही अटी आवश्यक असल्या, तरी पुरेशा नाहीत. समोरचा असुरक्षित स्थितीत नाही ना, हे पाहण्याचे ओझे बोर्डिंगचा नियम धडक देणाऱ्यावरच टाकतो. ज्याच्या हाती बळ, त्याच्यावरच काळजीचे कर्तव्य, हाच न्याय्य बॉडी चेकिंगचा पाया आहे.