दुरुस्ती आणि विवेक

बिघडलेली वस्तू पुन्हा चालू झाली म्हणजे ती दुरुस्त झाली, असे आपण सामान्यतः समजतो. या समजुतीत तथ्य नाही असे नाही. तथापि तिच्या आड एक नैतिक प्रश्न दडलेला असतो, आणि घरातील संगणक अडून बसला म्हणजे तो विशेष स्पष्टपणे समोर येतो. कळ दाबावी, आतला पंखा फिरावा, दिवा लागावा आणि पडदा मात्र काळाच राहावा. किंवा कंपनीचे चिन्ह उमटून यंत्राने तेथेच घुटमळत राहावे, हा अनुभव आता पुष्कळांच्या परिचयाचा आहे. अशा वेळी घरातला जाणता मुलगा अथवा कोपऱ्यावरच्या दुकानातला कारागीर बहुधा एकच उपाय सुचवितो : ‘फॉरमॅट मारून टाका.’ म्हणजे साठवणीतले सारे पुसून काढा आणि ऑपरेटिंग सिस्टीम नव्याने बसवा. हा उपाय अनेकदा लागूही पडतो. आम्हांस विचारावयाचे आहे ते इतकेच, की ज्या दोषाचे कारण आपल्याला कळलेले नाही, त्याच्या निवारणासाठी पुन्हा न मिळणारी वस्तू पुसून टाकण्याचा अधिकार आपल्याला कोठून प्राप्त होतो?

प्रश्नाचे स्वरूप ध्यानी यावे म्हणून यंत्राचा आरंभ कसा होतो हे प्रथम पाहिले पाहिजे. संगणकाचे जागे होणे एका क्षणात घडत नाही. ती एक परंपरा आहे. वीज मिळताच मदरबोर्डवरील एका चिपमध्ये कायमचा ठेवलेला लहानसा प्रोग्रॅम प्रथम जागा होतो. आयबीएमच्या १९८१ सालच्या वैयक्तिक संगणकात त्याचे नाव बायॉस असे होते. आजच्या यंत्रांत त्याची जागा यूईएफआय या पद्धतीने घेतली आहे. तो आधी मेमरी, कीबोर्ड, पडदा यांची विचारपूस करतो, मग डिस्क शोधतो आणि तिच्यावरील दुसऱ्या एका छोट्या प्रोग्रॅमच्या हाती सूत्रे देतो. तो पुढे ऑपरेटिंग सिस्टीमला पाचारण करतो. स्वतःच्या बुटाचे बंद ओढून स्वतःलाच वर उचलावे, या इंग्रजीतील गमतीदार कल्पनेवरून या क्रियेस बूटिंग हे नाव पडले. वस्तुतः येथे कोणीच स्वतःला उचलीत नाही. प्रत्येकास त्याच्या आधीचा उचलतो, आणि पहिला दुवा माणसाने अगोदरच लिहून ठेवलेला असल्यामुळे यंत्र अनवस्थेतून सुटते.

या साखळीचा कोणताही दुवा निखळला, तरी पाहणाऱ्यास दिसते ते एकच : यंत्र सुरू होत नाही. मेमरीची पट्टी दमट हवेने वा धुळीने आपल्या खाचेत नीट टेकत नसेल. ती काढून तिच्या सोनेरी कडा खोडरबराने हलकेच घासल्या की पुष्कळदा काम भागते. नाण्याएवढी तीन व्होल्टची बॅटरी संपली असेल. मग तारीख मागे जाते आणि कोणत्या डिस्ककडे आधी वळावयाचे हेही यंत्र विसरू शकते. वीजपुरवठ्याची पेटी थकली असेल. ऐन लिहिण्याच्या क्षणी वीज गेल्याने एखादी फाइल अर्धवट राहिली असेल. यांपैकी पहिल्या तीन प्रसंगी साठवणीतील मजकुराचा काडीचाही अपराध नसतो. तेथे फॉरमॅट करणे म्हणजे आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, असा प्रकार होय. फरक इतकाच, की हा बंब सोमेश्वर वाहून नेतो.

मग कारण कसे ओळखावे? आपल्या नैयायिकांनी अन्वय आणि व्यतिरेक असे दोन शब्द फार पूर्वीच देऊन ठेवले आहेत. जे असता कार्य होते आणि जे नसता होत नाही, त्याच्याकडे कारण म्हणून पाहावे. चांगला कारागीर हेच करतो. तो एका वेळी एकच वस्तू बदलतो आणि मग पाहतो. उतावळा मनुष्य पट्टी पुसतो, बॅटरी बदलतो, तारा हलवितो आणि डिस्कही पुसतो. यंत्र सुरू झाले की शेवटच्या कृतीस श्रेय देतो. कावळा बसावयास आणि फांदी मोडावयास एक गाठ पडावी, तसे हे ज्ञान. शिवाय पुसण्याच्या कृतीत आणखी एक दोष आहे : तिने संपत्तीबरोबर पुरावाही नष्ट होतो. दोष पुन्हा उद्भवला, तर आपण पहिल्या दिवशी होतो तेथेच असतो.

एक मोठे उदाहरण ताजे आहे. १९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइक या कंपनीने आपल्या संरक्षक प्रोग्रॅमसाठी एक सदोष फाइल धाडली, आणि मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाप्रमाणे जगातील सुमारे ८५ लाख विंडोज संगणक कोलमडले. भारतात तेव्हा सकाळी साडेनऊचा सुमार होता. विमानतळांवर प्रवाशांना हाताने लिहिलेले बोर्डिंग पास द्यावे लागले. कुंपणच शेत खाऊ लागले होते. परंतु कारण शोधले गेले, आणि उपाय निघाला तो एवढाच, की यंत्र सेफ मोडमध्ये सुरू करावे आणि तेवढी फाइल काढून टाकावी. साठवणीस धक्का लावण्याचे कारण नव्हते. कारण कळले की उपाय लहान होतो, हा येथील बोध आहे.

आता साठवणीत काय असते ते पाहू. महाराष्ट्रापासून दूर, इंदूर, बडोदे वा हैदराबाद येथे पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या एखाद्या मराठी घरातील जुन्या संगणकात आजीच्या आवाजातल्या ओव्या असतील, आजोबांनी श्रीलिपीत टंकलेल्या आठवणी असतील. श्रीलिपीसारख्या युनिकोडपूर्व फॉन्टमधील मजकुराची तर आणखी एक अडचण असते : फाइल वाचली आणि फॉन्ट गेला, तर समोर अर्थहीन चिन्हे उरतात. पूर्वीच्या फिरत्या तबकडीवरून पुसलेले काही अंशी परत मिळविता येई. आजच्या एसएसडीतून ते बहुधा मिळत नाही. म्हणजे आपले हात जसे समर्थ होत आहेत, तशा त्यांच्या चुका अधिक अटळ होत आहेत.

यावरून आम्हांस एक नियम सुचतो. जेथे ज्ञान अपुरे आहे, तेथे ज्या पावलांवरून मागे फिरता येते ती आधी टाकावीत. जेथून परतता येत नाही ते पाऊल सर्वांत शेवटी, आणि धन्यास विचारून. डिस्क कुलूपबंद असल्यास तिची ४८ अंकी किल्ली प्रथम शोधावी. पेन ड्राइव्हवरून दुसरी सिस्टीम चालवून, अथवा डिस्क दुसऱ्या संगणकास जोडून, आतील ठेव उतरवून घ्यावी. तबकडी टक्‌टक् असा आवाज करीत असेल, तर पुन्हा पुन्हा कळ दाबणेही अपायकारक ठरते. तेथे थांबणे हीच पहिली दुरुस्ती होय.

यावर कोणी म्हणेल, की कारागिराचे पोट कामाच्या संख्येवर चालते आणि धन्याला यंत्र संध्याकाळपर्यंत हवे असते. एवढा विचार कोणास परवडणार? आक्षेप रास्त आहे. आम्ही फॉरमॅटच्या विरुद्ध नाही. ठेव सुरक्षित बाहेर आली, काय जाईल हे धन्याला कळले, आणि त्याने होकार दिला, तर पुसून नव्याने मांडणे हाच कित्येकदा शहाणपणाचा मार्ग असतो. कारण शेवटपर्यंत कळलेच नाही, तर यंत्र चालू झाल्यावरही ‘का झाले ते सांगता येत नाही’ एवढे शब्द उच्चारण्यास वेळ लागत नाही, पैसाही लागत नाही. लागते ती केवळ प्रामाणिकपणाची तयारी. त्या शब्दांमुळे धनी सावध राहतो आणि ठेवीची दुसरी प्रत करून ठेवतो. ते न उच्चारल्यास तो निर्धास्त राहतो, आणि त्या निर्धास्तपणाची किंमत पुढे त्यालाच मोजावी लागते.

दुसऱ्याची वस्तू हाती येते तेव्हा तिच्यासोबत तिच्यातील अदृश्य ठेवही येते. यंत्र पुन्हा सुरू करणे हे कौशल्याचे काम आहे. ती ठेव जशीच्या तशी परत करणे, आणि आपण काय जाणतो व काय जाणत नाही हे सांगणे, हे विवेकाचे. पहिल्याची मजुरी ठरलेली असते. दुसऱ्याची कोणी ठरवीत नाही, म्हणूनच ते कर्तव्य ठरते.