पन्नास खोके आणि यमक

वांद्र्यात पैसा दोन्ही बाजूंना राहतो. पूर्वेला वांद्रे-कुर्ला संकुलात राष्ट्रीय शेअर बाजार आणि भारत डायमंड बोर्स, पश्चिमेला पाली हिलवर सिनेमावाल्यांची घरे. कागदावर सगळीकडे रुपयेच. तोंडी मात्र फ्लॅटचा दलाल कोटीला ‘सीआर’ म्हणतो. आणि नव्वदीच्या दशकात खंडणीच्या फोनवर लाखाची ‘पेटी’ व्हायची, कोटीचा ‘खोका’.

पोलिसांना कळू नये म्हणून हे शब्द आले, असे आपण मानतो. पण पोलिसांना ते केव्हाच कळले होते, तरी शब्द टिकले. त्यांचे खरे काम वेगळे आहे. कोटी म्हटले की शून्ये मोजावी लागतात, हिशेब द्यावा लागतो. खोका म्हटला की उरते ती नुसती उचलून न्यायची वस्तू. बोलणाऱ्याच्या मनावरचा भार उतरतो.

चोरट्या बोलीचा मक्ता गुन्हेगारांकडेच नव्हता. जुन्या मराठी व्यापाऱ्यांची ‘नंदभाषा’ होती: केवली म्हणजे एक, अवारू दोन, उधानू तीन, पोकू चार. गिऱ्हाईक समोर असतानाच दुकानदार नि दलाल भाव ठरवून मोकळे होत.

लंडनच्या कॉकनी बोलीने आडोशासाठी यमक वापरले. ‘मनी’ला जुळते म्हणून ‘ब्रेड अँड हनी’. मग जुळणारा शब्दच गाळायचा, की हाती राहतो निव्वळ ‘ब्रेड’. जॉन कॅम्डेन हॉटन यांनी 1859च्या कोशात या यमकी बोलीची नोंद केली आणि तिचे श्रेय रस्त्यावर गाणी नि चोपडी विकणाऱ्यांना दिले. तिकडे पाचशे पौंडांना ‘मंकी’ म्हणतात. हिंदुस्थानातल्या पाचशेच्या नोटेवर माकड होते, गोऱ्या शिपायांनी तो शब्द मायदेशी नेला, अशी कथा सांगतात. तशी नोट कुणाला सापडलेली नाही. पण पैशाच्या टोपणनावाला परदेशी कूळ चिकटवले की ते जरा कमी आपले वाटते, ही सोय कथेमागे असावी.

आपल्याकडे यमकाने उलटे काम केले. जून 2022मध्ये शिवसेना फुटली. तेव्हा वांद्र्याच्या कलानगरातली ‘मातोश्री’ हे पक्षप्रमुखांचे घर होते. ऑगस्टमध्ये विधानभवनाच्या पायऱ्यांवर विरोधी आमदारांनी पक्षातून फुटलेल्या शिंदे गटाला उद्देशून घोषणा दिली: ‘पन्नास खोके, एकदम ओके’. फुटण्यासाठी पन्नास कोटी घेतल्याचा हा आरोप त्या गटाने फेटाळला. घोषणा मात्र गावोगाव पोचली. लंडनच्या यमकाने अर्थ झाकला होता. इथल्या यमकाने झाकलेला शब्द चव्हाट्यावर आणला.

तरी हा विजय पुरता नाही. पन्नास कोटी लाच, असे म्हणताना जीभ अडखळते, ऐकणाराही दचकतो. पन्नास खोके मात्र शाळकरी पोरेही टाळ्यांच्या तालावर म्हणू लागली. आरोप सर्वांपर्यंत गेला, पण जाता जाता रक्कम हलकी झाली. आणि रक्कम हलकी करणे हेच तर त्या शब्दाचे मूळ काम होते.