सावलीची कड

मे महिन्यातली दुपार. साडेअकराचा सुमार. अंगणात या, गच्चीवर जा, नाहीतर खिडकीशी बसा. आभाळाचा मोठासा तुकडा दिसला म्हणजे झालं. सूर्याकडे थेट पाहायचं नाही, खाली पडलेल्या उन्हाकडे पाहायचं. वाचायची घाई नको. मधेच मान वर करावीशी वाटली तर करा.

सकाळी आभाळ निरभ्र होतं. आठ वाजता भिंतीवर तुळशीचं पान न् पान उमटलं होतं. दहाच्या पुढे पांढरे पुंजके दिसू लागले आणि आता ऊन सलग पडेनासं झालंय. थोडा वेळ लख्ख, मग बराच वेळ सावली. तुम्ही कंटाळून आत जाता, पंख्याखाली टेकता, तेवढ्यात बाहेर पुन्हा झळाळतं. उठून यावं तर पुन्हा झाकोळ. मनात एक बारीक चिडचीड सुरू होते. पाऊस नको तेव्हा पडला तर माणूस चार शब्द बोलून मोकळा होतो, पण ऊन नेमकं चुकीच्या वेळी पडलं, ही तक्रार कोणाकडे करायची? ती आतच घुटमळत राहते. आज तिला हाकलू नका. तिच्याशेजारी बसून सभोवार काय चाललंय ते पाहायचं आहे.

कठड्याच्या सावलीवर नजर ठेवा. ढग येताना ती एकदम पुसली जात नाही. आधी फिकी होते, मग विरते, आणि मग नसतेच. पुढच्या खेपेला हे पुन्हा पाहा. सूर्य आपल्याला ठिपक्यासारखा दिसत नाही, आभाळात त्याची अर्ध्या अंशाची तबकडी आहे. ढग ती एका बाजूनं झाकत जातो. ढग एक किलोमीटर उंचीवर असेल, तर त्याच्या सावलीची कड जमिनीवर नऊएक मीटर रुंद असते. म्हणजे ऊन आणि सावली यांच्यामध्ये रेघ नसते, एक पट्टा असतो, आणि तो तुमच्या अंगावरून सरकत जातो. त्या एक-दोन सेकंदांत तुम्ही उन्हातही असता आणि सावलीतही.

आता ऊन परत येताना पाहा. ढगातून सुटलेलं ऊन सकाळच्या सलग उन्हापेक्षा जास्त टोचतं. हा मनाचा खेळ नाही. ढगांच्या उजळ कडांवरून उजेड विखुरतो आणि थेट उन्हात मिळून खाली येतो. म्हणून अशा तुटक ढगांच्या दिवशी काही क्षण जमिनीवर पोचणारा प्रकाश निरभ्र दिवसापेक्षाही अधिक भरतो. छतांवरच्या सौर पॅनेलमधून त्या क्षणी वीजही नेहमीपेक्षा जास्त निघते. उशिरानं येणारं ऊन असं भरभरून येतं. आणि लगेच जातं.

ढगांकडे पाहा. त्यांच्या माथ्याचे आकार वेडेवाकडे आहेत, पण बुड सपाट आहे, आणि सगळ्यांची बुडं साधारण एकाच पातळीत आहेत. असं का? सकाळपासून ऊन जमिनीत मुरत होतं. नांगरून तापलेलं शेत, डांबरी रस्ता, सिमेंटच्या गच्च्या तापल्या, त्यांच्यावरची हवा तापली, हलकी झाली आणि वर निघाली. वर जाताना ती दर किलोमीटरला सुमारे दहा अंशांनी गार होते. मे महिन्यात समुद्रावरून आलेली ओल त्या हवेत असतेच. एका ठराविक उंचीला ती ओल हवेत मावत नाही, तिचे अतिबारीक थेंब होतात, आणि तिथून ढग सुरू होतो. ती उंची म्हणजेच ते सपाट बूड.

म्हणजे ज्या ढगानं ऊन अडवलं, तो या उन्हानंच केला. सकाळी आठ वाजता तुम्हाला हवंहवंसं वाटणारं ऊन भिंतीवर पडत होतं, त्याच वेळी ते दुपारच्या सावलीची तयारी करत होतं. जितकी सकाळ तापलेली आणि हवा जितकी ओलसर, तितकी दुपार भरून येते. पुणे, सातारा, कोल्हापूरकडे तिसऱ्या-चौथ्या प्रहराला वळीव कोसळतो, तो याच पुंजक्यांची उंची वाढत वाढत जाऊन. सूर्य कलला, जमीन निवली, की वर जाणाऱ्या हवेचा जोर सरतो, पाऊस न झालेले ढग विरतात आणि सहा वाजता पिवळं, निरुपयोगी, फार देखणं ऊन पडतं. या वेळापत्रकात कुठेही खोडी नाही. पण हे कळल्यावरही चिडचीड गेली का? माझी जात नाही. कारण कळलं म्हणून गरज कमी होत नाही.

गरज कोणाची, ते जवळून पाहू. कुरडयांचं घ्या. तीन दिवस गहू भिजवायचे, रोज पाणी बदलायचं. चौथ्या दिवशी ते वाटून चीक काढायचा, गाळायचा, रात्रभर निवळू द्यायचा. पहाटे उठून वरचं पाणी ओतून टाकायचं आणि खालचा घट्ट चीक मीठ-हिंग घालून शिजवायचा. तो घाटताना हात दुखून येतात, कारण थांबलं की गुठळी होते. मग गरम असतानाच सोऱ्यात भरून कागदावर कुरडया घालायच्या. उन्हं अंगणात उतरेपर्यंत ओळी लागलेल्या असतात.

त्या ओळींपैकी एकच कुरडई पाहा. घातली तेव्हा तिच्या तारा ओल्या, तुकतुकीत, जरा पारदर्शक आहेत. ऊन लागलं की बाहेरच्या वेढ्यापासून त्या पांढुरक्या होत जातात. मग कडा किंचित उचलतात आणि कुरडई कागद सोडते. तोवर तिला हात लावायचा नाही, लावला तर मोडते. दुपारी उलटायची, दुसऱ्या दिवशी पुन्हा ऊन दाखवायचं, खडखडीत झाली की डब्यात. पण मधेच ढग आला तर वरची तार सुकते आणि पोटात ओल राहते. ढगाळ दिवशी हवाही दमट असते, म्हणून ऊन कमी आणि वाराही ओल उचलायला नाखूश. संध्याकाळपर्यंत कागद सुटला नाही, तर दुसऱ्या दिवशी आंबूस वास येतो.

ही चूक कोणाची म्हणायची? गहू भिजत घातले तेव्हा आभाळ कोरं होतं. भिजलेला गहू थांबत नाही, काढलेला चीक तर मुळीच थांबत नाही. आभाळाचा निर्णय आज होतो आणि आपला निर्णय चार दिवसांपूर्वी झालेला असतो. चिडचिडीचं मूळ इथे आहे. कोकणात आमसुलं करणाऱ्या घरांत हेच मोठ्या मापानं चालतं. रातांबा पिकतोच उन्हाळ्याच्या शेवटी, सालींना रसाची पुटं देऊन पुन्हा पुन्हा वाळवायचं, आणि पाऊस दारात. 2025 साली मोसमी पाऊस 26 मे रोजीच मुंबईत पोचला. एरवी तिथे त्याची नेहमीची तारीख 11 जून. वाळवणाचे शेवटचे पंधरा दिवसच त्या वर्षी मिळाले नाहीत.

ढग किती छान दिसतोय, असं म्हणणाऱ्याचं बहुधा काही वाळत घातलेलं नसतं. म्हणून या त्राग्याला मी क्षुद्र म्हणणार नाही. आभाळाच्या भरवशावर हात घातलेल्या माणसाचा तो त्रागा आहे, आणि निसर्गापुढे कोणाचं चालतं अशी समजूत त्याला घालणं मला उथळ वाटतं.

इथे थोडं थांबा. ढग सरकला असेल तर सरकू द्या. एका माणसाची आठवण काढायची आहे.

गियोम ल झांती हा फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ. 1760 मध्ये तो घरून निघाला, हिंदुस्थानात पाँडिचेरीला जाऊन शुक्राचं अधिक्रमण पाहण्यासाठी. अधिक्रमण म्हणजे शुक्राचा काळा ठिपका सूर्यबिंबावरून सरकत जाणं. पृथ्वीवरच्या वेगवेगळ्या ठिकाणांहून त्याच्या वेळा नेमक्या मोजल्या, तर सूर्य आपल्यापासून किती दूर आहे हे काढता येणार होतं. पण वाटेत कळलं की पाँडिचेरी इंग्रजांनी घेतली. 6 जून 1761 रोजी तो भर समुद्रात जहाजावर होता. आभाळ स्वच्छ होतं, ठिपका दिसला, पण हलत्या जहाजावरून नेमकी वेळ मोजता येईना.

पुढचं अधिक्रमण 1769 मध्ये, आणि त्यानंतरचं थेट 1874 मध्ये. तो परत गेलाच नाही. आठ वर्षं हिंदी महासागराच्या भागात राहिला, मनिलापर्यंत जाऊन आला, शेवटी फ्रेंचांकडे परत आलेल्या पाँडिचेरीत वेधशाळा उभारून बसला. इथल्या तमिळ ज्योतिर्विदांची ग्रहणं वर्तवण्याची पद्धतही त्यानं समजून घेतली. 1769 साली मे महिन्यातल्या सकाळी एकामागून एक स्वच्छ गेल्या. 4 जूनची सकाळ उजाडली ती ढगाळ. सातच्या सुमारास अधिक्रमण संपलं. त्यानंतर त्याच सकाळी सूर्य बाहेर आला आणि दिवसभर तळपत राहिला. मनिलात त्या दिवशी आभाळ निरभ्र होतं.

पंधरवडाभर आपल्याला लेखणी हातात धरवत नव्हती, असं त्यानं स्वतःच्या प्रवासवर्णनात नमूद केलं आहे. 1771 मध्ये घरी पोचला तर तो मेला असं धरून फ्रान्सच्या विज्ञान अकादमीतली त्याची जागा दुसऱ्याला दिलेली होती आणि वारस इस्टेटीच्या वाटण्या करत होते.

ही गोष्ट सांगून लोक हळहळतात किंवा हसतात. तुम्ही दोन्ही करू नका. ते दिवसभर तळपणारं ऊन डोळ्यांपुढे आणा. त्या उन्हात पाँडिचेरीच्या कोळ्यांची मासळी वाळली असेल, मिठागरात मीठ धरलं असेल, कोणाचं धान्य, कोणाची धुणी सुकली असतील. तेच ऊन, तीच सकाळ. एकाच माणसाला ते थोडं आधी हवं होतं. त्याचं नुकसान यानं रतिभर कमी होत नाही, आणि मासळी वाळली नाही असंही होत नाही. दोन्ही एकदम मनात धरून पाहा. कठीण जातं, मन एकाचीच बाजू घ्यायला धावतं. घाई न करता धरून ठेवा.

आता पुन्हा आपल्या ढगाकडे. त्याची सावली तुमच्यावर आहे आणि तीन-चारशे मीटरवर, पलीकडच्या आळीत, कौलं लखलखताहेत. तिथेही कोणी तरी वर बघत असेल का? बहुतेक नाही. ऊन असताना आपण वर बघत नाही, कामात असतो. सावली पडली की मान वर जाते. म्हणून ढग किती वेळा आला ते लक्षात राहतं आणि सकाळचे सलग तीन तास ऊन होतं ते मोजदादीतच येत नाही. उडदाच्या पापडांना तर सावलीच लागते. कडक उन्हात त्यांच्या कडा वळतात आणि ते तडकतात. एकाच घरात, एकाच दिवशी, कुरडईवाली ढगावर वैतागते आणि पापड लाटणारी पाट सावलीत ओढून निवांत बसते. मी हे सांत्वन म्हणून सांगत नाही. घरात असंच चालू असतं, तेवढंच.

जाता जाता सूर्याच्या वेळेबद्दल एक काम सांगतो, कारण नुसतं बसून मनन पुरं होत नाही. आपलं घड्याळ प्रयागराज-मिर्झापूरकडच्या 82.5 अंश रेखांशावर लावलेलं आहे. पुणं त्याच्या बरंच पश्चिमेला, म्हणून पुण्यात मे महिन्यात सूर्य माथ्यावर येतो तो घड्याळात बारा वाजून एकतीस मिनिटांच्या आसपास, मुंबईत आणखी चार मिनिटांनी. ऊन उशिरा येतं असं आपण म्हणतो, तेव्हा मोजपट्टी आपली असते. वर्षातून दोन दिवस सूर्य बरोबर डोक्यावर येतो आणि सरळ उभ्या वस्तूची सावली तिच्या पायातच जाते: शून्य सावलीचा दिवस. महाराष्ट्र सगळाच कर्कवृत्ताच्या दक्षिणेला असल्यानं हे दोन दिवस राज्यातल्या प्रत्येक गावाला मिळतात. कोल्हापुरात 6-7 मेच्या सुमारास, पुण्यात 13-14 मे, मुंबईत 15-16 मे, नागपुरात 26 मेच्या आसपास.

दुसरी तारीख पुण्या-मुंबईला जुलैच्या अखेरीस येते, ऐन पावसाळ्यात, आणि बहुतेक वर्षी ढगांत जाते. तेव्हा मे महिन्यातली तारीख सोडू नका. एक सरळ काठी ओळंब्यात उभी करा, मुलांना हाक मारा आणि वेळेच्या दहा मिनिटं आधीपासून तिथे थांबा; ऊन दोन ढगांच्या फटीतून मिळालं तरी तेवढं पुरतं.