ईदची वाटी आणि शरीराची अमानत



ईदची नमाज अदा करून आपण घरी परततो तेव्हा तुपात परतलेल्या शेवयांचा, खारकेचा आणि चारोळीचा सुगंध दारातच आपले स्वागत करतो. शीरखुर्म्याच्या वाट्या मांडल्या जातात आणि नेमक्या त्याच क्षणी कित्येक घरांत एक अवघडलेली शांतता पसरते. वडिलांना मधुमेह आहे. वाटी पुढे करावी की मागे घ्यावी, या संभ्रमात मुलगी उभी असते.

अशाच एका घरातील चाचांनी जुमाच्या नमाजनंतर मला बाजूला घेऊन विचारले, "मौलाना, ईदच्या दिवशी सर्वांची नजर चुकवून मी दोन वाट्या शीरखुर्मा खाल्ला. मुलीने विचारले तेव्हा नाही म्हणालो. गुन्हा कशाचा झाला? गोडाचा की खोट्याचा?"

"खोट्याचा," असे सांगून मी मोकळा झालो. उत्तर चुकीचे नव्हते, पण ते अपुरे होते, हे मला नंतर जाणवले. प्रश्न केवळ त्या एका खोट्या शब्दाचा नव्हता. आहार सांभाळणाऱ्या माणसाने अधूनमधून जिभेची आवड पुरवावी का, आणि पुरवावी तर कोणत्या मर्यादेत, हा खरा प्रश्न होता.

आपल्या समाजात याची दोन उत्तरे ऐकू येतात. काही जण म्हणतात, "वस्तू हलाल आहे, मग चिंता कसली?" दुसरे म्हणतात, "नफ्सला एकदा सूट दिली की तो डोक्यावर बसतो, म्हणून गोड कायमचे बंद." पवित्र कुरआनच्या सूरह अल-माइदातील 87 वी आयत या दोन्ही उत्तरांना एकाच वेळी दुरुस्त करते. अल्लाहने हलाल केलेल्या उत्तम वस्तू श्रद्धावंतांनी स्वतःवर हराम करून घेऊ नयेत, असे ती बजावते आणि त्याच दमात मर्यादा ओलांडण्यासही मनाई करते. लगेच पुढच्या आयतीत 'हलाल' या शब्दाला जोडून 'तय्यिब' हा शब्द येतो. तय्यिब म्हणजे शुद्ध आणि उत्तम. जे खायचे ते हलाल असावे आणि चांगलेही असावे, ही अपेक्षा त्यातून स्पष्ट होते.

प्रथम कायमच्या बंदीविषयी. हजरत आयशा (रजि.) यांच्या कथनानुसार प्रेषित मुहम्मद (स.) यांना गोड पदार्थ आणि मध आवडत असे. बुखारी शरीफमधील एका रिवायतीनुसार, घरातील एका प्रसंगामुळे प्रेषितांनी (स.) यापुढे मध न घेण्याची शपथ घेतली. त्यावर सूरह अत-तहरीम अवतरली. पत्नींची मर्जी राखण्यासाठी अल्लाहने हलाल केलेली वस्तू स्वतःवर हराम का करून घेता, असा प्रश्न तिच्या पहिल्याच आयतीत विचारला गेला. वाचकहो, विचार करा. विषय होता मधाच्या घोटाचा, तरीही त्यासाठी वह्य आली. यावरून हलालला हराम ठरवणे ही किरकोळ बाब नाही, हे उमगते.

मात्र, न खाणे आणि हराम ठरवणे यांत फरक आहे. हजरत अली (रजि.) आजारातून नुकतेच उठले होते, त्या वेळची हकीकत उम्मे मुन्जिर (रजि.) सांगतात. त्यांच्या घरी खजुराचे घड टांगलेले होते. प्रेषित (स.) त्यातील खजूर खाऊ लागले, तसे अलीही (रजि.) खाऊ लागले. प्रेषितांनी (स.) त्यांना थांबवले आणि अजून अशक्तपणा असल्याची आठवण करून दिली. मग उम्मे मुन्जिर (रजि.) यांनी चुकंदर आणि जव शिजवून आणले. तेव्हा हे घ्या, हे तुमच्यासाठी अधिक योग्य आहे, असे प्रेषितांनी (स.) अलींना (रजि.) सांगितले.

तेच घर, तोच हलाल खजूर. एकाने तो खाल्ला आणि दुसऱ्याला थांबवले गेले. खजूर हराम झाला नव्हता, त्या शरीराला तो त्या वेळी मानवणारा नव्हता, इतकेच. आणखी एक गोष्ट लक्षात घ्या. आजारी माणसाला रोखून हात रिकामा ठेवला गेला नाही, त्याच्यासाठी योग्य अन्नही आले. आपल्या घरांत मात्र "अब्बा, तुम्हाला चालत नाही" एवढे म्हणून आपण आपल्या वाट्या भरतो. मग अब्बा स्वयंपाकघरात एकटे जातात.

आता "हलाल आहे, मग चिंता कसली" या उत्तराकडे वळू. शरीर ही आपली मालमत्ता नसून अल्लाहची अमानत आहे. रमजानचा रोजा फर्ज असूनही आजारी माणसाला तो पुढे ढकलण्याची मुभा कुरआनने दिली. इबादतीतही ज्या शरीराची एवढी काळजी घेतली गेली, त्याची दावतीत पर्वा करू नये, हे कसे पटावे? पाठीचा कणा ताठ राहील इतके घास माणसाला पुरेसे आहेत आणि अधिक हवेच असेल तर पोटाचा एक भाग अन्नासाठी, एक पाण्यासाठी व एक श्वासासाठी असावा, ही प्रेषितांची (स.) शिकवण तिर्मिजी शरीफमध्ये आहे. तिला ईदचा अपवाद नाही.

शरीअतने भुकेलाही वेळ दिली आहे आणि आनंदालाही. दोन्ही ईदच्या दिवशी रोजा ठेवणे निषिद्ध आहे. ईदुल-फित्रच्या नमाजला निघण्यापूर्वी प्रेषित (स.) विषम संख्येत खजूर खात असत. म्हणजे प्रसंगाचे गोड हा आहारशिस्तीचा पराभव नव्हे, तो शुक्र आहे. पण प्रसंग हा प्रसंगच राहिला पाहिजे. रमजानच्या प्रत्येक संध्याकाळी भजी, समोसे आणि साखरेचे सरबत, त्यानंतर महिनाभर लग्नांच्या दावती, असे चालले तर त्याला अधूनमधून कसे म्हणावे? जे रोज मिळते त्याचे शुक्र जीभ विसरते, उरते ती केवळ सवय.

मग घरात काय करावे? ईदपूर्वीच डॉक्टरांना विचारून प्रमाण ठरवावे. साखर वगळली तरी खजूर, शेवया आणि दूध रक्तातील साखर वाढवतातच, म्हणून 'बिनसाखरेचा' या शब्दावर विसंबून दोन वाट्या घेऊ नयेत. त्या वेळचे इतर अन्न कमी करावे. डॉक्टरांनी पूर्ण मनाई केली असेल तर ती पाळावी. ती पाळणे म्हणजे हलालला हराम करणे नव्हे, अमानत जपणे आहे. आणि जे खायचे ते सर्वांसमोर, बिस्मिल्लाह म्हणून खावे. लपवून खाल्लेल्या घासाला प्रमाण उरत नाही, कारण लपवणाऱ्याला थांबवणारे कोणी नसते.

काही दिवसांनी मी चाचांना माझे अपुरे उत्तर पूर्ण करून सांगितले. खोटे बोलणे हा गुन्हा होताच, डॉक्टरांचा सल्ला डावलून दोन वाट्या खाणे ही अमानतीत कसूर होती, आणि त्यांच्यासाठी काहीच न मांडणाऱ्या घरालाही आपल्या वागण्याचा विचार करायला हवा होता. चाचा थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "मुलीला हे तुम्ही सांगा."

मी म्हणालो, "चाचा, खोटे तिच्याशी बोललात, तेव्हा खरेही तुम्हीच सांगा."

पुढच्या ईदला त्यांच्या घरी गेलो, तेव्हा मुलीनेच त्यांच्यासमोर एक लहान वाटी ठेवली. ती अर्धीच भरलेली होती. चाचांनी ती आमच्यासोबत बसून, सावकाश संपवली आणि अल्हम्दुलिल्लाह म्हटले. दुसरी मागितली नाही.

अल्लाह आपल्याला त्याच्या नेमतींचा आनंद घेण्याची, त्यांची मर्यादा ओळखण्याची आणि घरच्यांशी खरे वागण्याची सद्बुद्धी देवो. आमीन.